कठीण पाणी

मी फ्रिज दुरुस्त करतो.
बांद्याहून सकाळी स्कूटर काढतो,
पेडण्याला पहिला चहा, मग मांद्रे, आश्वें, हरमल.
किनाऱ्यावरची सगळी हॉटेलं मला पाठीमागून ठाऊक.
पुढे समुद्र, वेताच्या खुर्च्या, कागदी कंदील;
मागे मी, उताणा,
कॉम्प्रेसरच्या छातीला कान लावून.

म्हणून मला विचारू नका
पाटीवरच्या 'अस्सल थाई'बद्दल.
हिरवी करी कुठल्या डब्यातून येते ते मी पाहिलंय,
डब्यावरची तारीखही.
माडाखाली उभे राहून
नारळाचं दूध पुठ्ठ्याच्या खोक्यातून ओततात
आणि वर साखर. एवढी,
की खिरीनं तोंड लपवावं.

मला फार कळतं असं नाही.
पटायाला दोन वर्षं होतो,
एका हॉटेलात, चौतीस एसी सांभाळत.
रात्रपाळी सुटली की पुलाखाली एक गाडी.
बाईचं नाव कधी विचारलं नाही.
खलात मिरची, लसूण, गूळ, सुकी सुंगटं,
मग कच्च्या पपईचे लांब काप,
टक्, टक्, टक्.
पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी,
दुसऱ्याला घर आठवायचं,
तिसऱ्याला नाही.

परत आल्याला अकरा वर्षं झाली.
आईला सांगितलं, आपला गवती चहा
तिकडे कालवणात घालतात.
ती म्हणाली, मग चहात काय घालतात?

परवा रोझालिनाबायचा फोन.
"फ्रीज बंद पडलां, बेगीन यो,
सगळें नुस्तें पाड जातलें!"
तिची जागा टेकडीच्या अल्याड,
जिथून समुद्र दिसत नाही,
म्हणून गिऱ्हाईकही दिसत नाही.

रिले जळला होता. गॅसही गळलेला.
मी खाली घुसलो, तोंडात टॉर्च,
आणि भिंतीपलीकडून
टक्, टक्, टक्.

मिक्सर नव्हे. मिक्सरही मीच दुरुस्त करतो,
गावातल्या प्रत्येकाचा खोकला ओळखतो.
हा बत्ता होता,
आणि मारणारा हात घाईत नव्हता.

सेंग गोहाईं. आसामातला, दिहिंगकाठचा.
गिऱ्हाइकाला डब्यातलंच देतो, म्हणाला,
ते तिखट परत पाठवतात.
हे आमचं, पोरांचं, दीड वाजताचं.
कुलिंजन म्हापशाच्या काष्ठौषधीवाल्याकडचं,
ईडलिंबाची पानं शेजाऱ्याच्या कुंपणातली (विचारून नव्हे),
सब्जाची कोवळी डहाळी,
आणि आज वितळू लागलेला मोडसो,
जो माझ्याच उशिरामुळे आज शिजणार होता.

थायलंडला कधी होतास?
कधीच नाही. गुवाहाटी, मग मडगाव, मग इथे.
नोय नावाची एक बाई दोन हंगाम राहिली होती,
जाताना खल ठेवून गेली. जड होता.

दोघांचीही हिंदी मोडकी. जेवलो गप्प.
नाकातून पाणी, कानात गरम वारा,
आणि जिभेच्या कडेला, अगदी शेवटी,
तो पूल.
मी ताट पुसून खाल्लं. बोटंही.

मग फ्रीझर उघडला.
ट्रेवर पातळ पापुद्रा धरत होता,
आणि अकरा वर्षांत न उच्चारलेला शब्द
आपोआप बाहेर पडला: नाम खेंग.

सेंगचा हात थांबला.
काय म्हणालास?
बर्फ. तिकडे बर्फाला म्हणतात.
तो ट्रेकडे बघत राहिला.
आमच्या गावात बर्फ नसतो, म्हणाला,
पण नाम म्हणजे पाणी. खेंग म्हणजे कठीण.
हे आईचे शब्द आहेत.
मग बोटानं पापुद्रा दाबून बघितला,
खरंच कठीण आहे का ते.

बिल केलं: रिले, गॅस, मजुरी.
मजुरी खोडली. पुन्हा लिहिली, निम्मी.
रोझालिनाबायला संशय आला, पण बोलली नाही.

हल्ली कुणी विचारतं,
इथे चांगलं थाई कुठे मिळेल?
मी सांगतो. लपवण्यासारखं काय आहे.
फक्त दीड वाजता जा, मागच्या दारानं,
आणि हातात एखादा पाना असू दे.